खऱ्या माणसाची कमेंट स्पॅममध्ये का जावी?

स्पॅम कुणालाच नको असतो, मलाही नको आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. ब्लॉग चालवणाऱ्या कुणालाही विचारा, "खूप छान माहिती, असेच लिहित राहा" एवढं लिहून नावाच्या जागी कुठल्यातरी कॅसिनोची नाहीतर गोळ्या विकणाऱ्या साइटची लिंक चिकटवलेल्या कमेंटा रोजच्या रोज येतात, आणि त्या हाताने उडवत बसायचं म्हटलं तर लिहायला वेळच उरणार नाही. फिल्टर हवाच. पण गेली बरीच वर्षं जे चाललंय ते बघून मला खरंच राग येतो, कारण या सगळ्या बंदोबस्तात अडकतो कोण, तर खरा माणूस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते इथे अक्षरशः रोज घडतंय आणि फाशी झाली हे संन्याशाला कळवायचीही पद्धत नाही.

मध्यंतरी स्पॅमचं फोल्डर उघडून वरपासून खालपर्यंत वाचत होते, तर त्या सगळ्या कचऱ्यात एक भली मोठी मराठी कमेंट सापडली. वडिलांच्या विसरभोळेपणावर, म्हणजे डिमेन्शियावर, मी बऱ्याच आधी एक पोस्ट लिहिली होती, त्यावर एका बाईंनी लिहिलं होतं. त्यांची आई त्यांना ओळखेनाशी झाली तेव्हा काय काय झालं, संध्याकाळ झाली की आईची घालमेल कशी वाढायची, मग त्यांनी घरातले दिवे अंधार पडायच्या आधीच लावायला सुरुवात केली आणि आरसा झाकून ठेवला, कारण आरशातली बाई कोण म्हणून आई घाबरायची, असं सगळं बारीकसारीक. शेवटी काळजी घेणाऱ्या घरच्या लोकांसाठी उपयोगी पडतील अशा तीन लिंक दिल्या होत्या, "तुमच्या वाचकांना उपयोग होईल" म्हणून. इतकी मोलाची कमेंट माझ्याकडे फार क्वचित आलीय, आणि ती दोन आठवडे त्या फोल्डरमध्ये कॅसिनोवाल्यांच्या शेजारी पडून होती. मला मेल नाही, सूचना नाही, काही नाही. मी लगेच प्रकाशित करून उत्तर लिहिलं तर त्यांचं परत उत्तर आलं की मला वाटलं तुम्हाला आवडली नाही म्हणून काढून टाकलीत, जरा जास्तच खाजगी लिहिलं का मी, असं वाटून मग परत आलेच नाही.

आता ही कमेंट का अडकली असेल, तर ते समजायला फार डोकं लागत नाही. लिहिणारी व्यक्ती नवीन, आधी कधी कमेंट नाही. पोस्ट जुनी, आणि स्पॅमवाले जुन्या पोस्टवरच जास्त येतात कारण तिकडे कुणाचं लक्ष नसतं. मजकूर लांब. लिंका तीन. ब्लॉग चालवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये तर मुळातलं सेटिंगच असं असतं की कमेंटमध्ये दोन किंवा त्याहून जास्त लिंक असल्या की ती आपोआप मंजुरीसाठी थांबते, आणि तिथे ती निदान थांबते तरी, डॅशबोर्डवर दिसते. बाकी ठिकाणी कित्येकदा थेट स्पॅममध्ये. म्हणजे बघा हं, अनोळखी माणसाने जुना लेख शोधून वाचणं, सविस्तर लिहिणं, वर उपयोगाच्या लिंका देणं, ज्या ज्या गोष्टींमुळे ती कमेंट मोलाची होती नेमक्या त्याच गोष्टी मशीनच्या लेखी संशयाच्या. आणि "छान लेख!" एवढंच लिहिणारा बॉट, म्हणजे आपोआप कमेंटा टाकणारा प्रोग्राम, मात्र कित्येकदा सरळ आत येतो, त्याला कुणी अडवत नाही.

हे फिल्टर काम कसं करतात ते थोडं सांगते, कारण ते कळल्यावर माझा राग कमी न होता वाढलाच. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकन प्रोग्रामरनी ईमेलच्या स्पॅमबद्दल एक लेख लिहिला होता आणि शब्द मोजून शक्यता काढायची पद्धत त्यामुळे सगळीकडे पोचली. आधी स्पॅम मेल आणि चांगले मेल असे दोन ढीग घ्यायचे, कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचं, आणि नवीन मेल आलं की त्यातल्या शब्दांवरून ते कुठल्या ढिगातलं वाटतं ते ठरवायचं. यातली मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे, चांगल्या मेलमधले शब्द मोजताना त्यांनी आकडा मुद्दाम दुप्पट धरला होता. का, तर चुकून एखादं स्पॅम आत आलं तर आपण डिलीट करतो, दोन सेकंद जातात, पण चुकून खरं पत्र स्पॅममध्ये गेलं तर ते कदाचित कधीच दिसत नाही. दोन्ही चुका सारख्या नाहीत हे त्यांनी गणितातच घालून ठेवलं होतं. हे इतकं साधं आणि इतकं बरोबर आहे! कमेंटांच्या बाबतीत हा विचार कुठे गेला तेच मला कळत नाही, कारण माझा अनुभव असा की शंका आली की काटा नेहमी अडवण्याकडेच झुकतो.

त्यात आपण मराठीत लिहिणारे. शब्द मोजून शिकणाऱ्या यंत्राला दोन्ही ढिगांत भरपूर मजकूर लागतो, इंग्रजीत तो डोंगराएवढा आहे, आपल्या भाषेत त्या मानाने अगदीच थोडा. मग शब्दांवरून काही ठरवता आलं नाही की मशीन बाकीच्या खुणांवर जाणार, लिंका किती, पत्ता कुठला, हा माणूस आधी आलाय का. मोबाईल नेटवर तर एकच आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कितीतरी लोकांमध्ये वाटलेला असतो, त्यातल्या कुणी एकाने घाण केली की तोच पत्ता वापरणारे बाकीचेही संशयित. आणि एक अगदी बारीक गोष्ट, जी कळल्यावर मी थक्क झाले. आपण "दुसऱ्या", "तऱ्हा", "वाऱ्यावर" असं लिहितो ना, तो जो आडवा, पापणीसारखा अर्धा र आहे, तो कित्येक जुन्या कीबोर्डांवर साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं अक्षर घालून उमटतो. त्या अक्षराचं नाव झिरो विड्थ जॉइनर. त्याला रुंदी नाही, डोळ्यांना दिसत नाही, पण मजकुरात असतं. आता स्पॅमवाले काय करतात, तर फिल्टरला ओळखू येऊ नयेत म्हणून आपल्या शब्दांच्या मधे अशीच न दिसणारी अक्षरं घुसवतात, म्हणजे वाचणाऱ्याला शब्द अखंड दिसतो पण मशीनला तुटका. त्यावर उपाय म्हणून कुणी इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून नियम केला की न दिसणारी अक्षरं आली म्हणजे काहीतरी लबाडी, तर त्यात आपला शुद्ध मराठी "दुसऱ्या"सुद्धा लबाड ठरू शकतो. नियम करणाऱ्याच्या डोक्यात ही भाषा आलीच नसेल तर तिची बाजू मांडणार कोण?

बरं, हे झालं मागच्या दाराचं. पुढच्या दारात वर्ड व्हेरिफिकेशन, म्हणजे कमेंट पाठवण्याआधी चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायला लावणं, उभंच आहे.

ती वाकडीतिकडी, एकमेकांवर चढलेली, मधून रेघ मारलेली अक्षरं. आहे तो एल की आय, शून्य की ओ, आर आणि एन जोडून आलेत की नुसता एम आहे. मला चष्मा आहे, पण नसता तरी फरक पडला नसता. मराठीत कमेंट लिहिणाऱ्याला याचा दुहेरी जाच. मनापासून पाच-सहा ओळी मराठी कीबोर्डवर लिहायच्या, मग खाली त्या चौकोनात इंग्रजी अक्षरं टाकायची म्हणून कीबोर्ड बदलायचा, तो बदलायचा राहिला की तिथे भलतंच काहीतरी देवनागरी उमटणार, ते पुसा, कीबोर्ड बदला, परत टाका, चूक झाली म्हणून नवीन अक्षरं येणार, आणि नशीब फुटकं असेल तर तेवढ्यात पान रिफ्रेश होऊन वरची लिहिलेली कमेंटच गायब. परत कोण लिहिणार? कुणीच लिहीत नाही. एवढ्या उत्साहाने आलेला माणूस मुकाट्याने टॅब बंद करतो. कमेंट न करण्याचं कारण विचारलं तर कितीतरी वाचक मला हेच सांगतात, लिहायचं खूप होतं हो पण ते शब्द टाकायचं फार वैताग आणतं.

याची सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती हे खरं. १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा नावाच्या सर्च इंजिनला लोक प्रोग्राम लावून हजारो खोटे वेबपत्ते पाठवायला लागले होते, तेव्हा आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायची युक्ती काढली. त्यांनी स्कॅनरचं मॅन्युअल वाचलं, छापील मजकूर मशीनला नीट वाचता यावा म्हणून काय काय काळजी घ्या असं त्यात लिहिलेलं असतं, आणि बरोब्बर त्याच्या उलटं केलं. वेगवेगळे फॉन्ट, तिरकी अक्षरं, मागे गिचमिड. छानच डोकं लढवलं होतं. पुढे कार्नेगी मेलनमध्ये लुइस व्हॉन आन, मॅन्युएल ब्लूम वगैरे मंडळींनी यावर काम केलं आणि कॅप्चा हे नाव रूढ झालं. २००७ मध्ये रीकॅप्चा आलं, त्यात दोन शब्द दाखवायचे, एक मशीनला माहीत असलेला आणि एक जुन्या पुस्तकातला किंवा वर्तमानपत्रातला, मशीनला न वाचता आलेला. म्हणजे आपण दार उघडून घ्यायला टाइप करतोय आणि तिकडे जुनी पानं डिजिटल होतायत. त्या कल्पनेबद्दल मला आजही आदर आहे, कारण निदान त्या दहा सेकंदांचं काहीतरी चीज होत होतं. २००८ मध्ये त्या लोकांनीच लिहिलं होतं की जगात रोज १० कोटींहून जास्त कॅप्चा सोडवले जातात, प्रत्येकाला साधारण १० सेकंद. हिशेब केला तर दिवसाला पावणेतीन लाख तासांच्या वर जातो. रोजचे! माणसांचे!

एवढे तास घालून माणसाला जमतं किती, तर तेही नीट नाही. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हेच तपासलं. चित्रातल्या अक्षरांना सरासरी ९.८ सेकंद लागले, आणि एकच चित्र तीन जणांना दाखवलं तर तिघांचंही उत्तर सारखं आलं फक्त ७१ टक्के वेळा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आवाजातला कॅप्चा असतो, त्याला लागले २८.४ सेकंद आणि तिघांचं एकमत झालं अवघं ३१ टक्के वेळा. म्हणजे ज्या माणसाला आधीच त्रास जास्त आहे त्याच्याच वाट्याला ही खरखर, मागे कुणीतरी पुटपुटतंय आणि मधून आकडे ऐकू येतायत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना वेळ जास्त लागतो आणि इंग्रजी शब्दांवर बेतलेल्या कॅप्चात त्यांच्या चुकाही जास्त होतात, हेही त्यात नोंदवलेलं आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने तर २००५ मध्येच स्वतंत्र टिपण काढून सांगितलं होतं की हा प्रकार अपंग लोकांना दाराबाहेर ठेवतो. वीस वर्षं होऊन गेली त्याला.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो स्पॅमवाला? त्याला काही फरक पडत नाही. त्याच २०१० साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅप्चा सोडवून देणाऱ्या धंद्याचा अभ्यास केला होता. गरीब देशांतली माणसं दिवसभर बसून ही अक्षरं टाइप करतात आणि हजार कॅप्चांचा भाव एका डॉलरच्या आसपास. हजाराचा! ज्याला लाखो कमेंटा टाकून पैसे कमवायचेत त्याला हा खर्च म्हणजे काहीच नाही, आणि जी बाई आईच्या आजारपणाबद्दल लिहायला आलीय तिने मात्र आपण माणूस असल्याचा पुरावा द्यायचा. पुढे तर तेवढ्या माणसांचीही गरज उरली नाही. २०१४ मध्ये गूगलनेच सांगितलं की त्यांचा प्रोग्राम सगळ्यात अवघड वाकडी अक्षरंसुद्धा ९९.८ टक्के अचूक वाचतो. वाचा परत, तीन माणसांचं एकमत ७१ टक्के आणि मशीन ९९.८. जे कुलूप चोराला आमच्यापेक्षा लवकर उघडतं ते दाराला लावून ठेवायचं कशाला?

त्यानंतर "मी रोबो नाही" वाली चौकट आली, मग ट्रॅफिक लाइट असलेले चौकोन निवडा, झेब्रा क्रॉसिंग निवडा, फायर हायड्रंट निवडा. तो लाल बुटका खांब ज्याने उभ्या आयुष्यात रस्त्यावर पाहिलेला नाही त्याने तो ओळखायचा. आणि सिग्नलचा नुसता खांब ज्या चौकोनात आलाय तो धरायचा की नाही यावर माझं अजून एकदाही त्या मशीनशी पटलेलं नाही. २०१८ पासून तर कित्येक ठिकाणी काही विचारतही नाहीत, तुम्ही पानावर कसे वावरता ते बघून मागच्या मागे शून्य ते एकच्या मधला गुण दिला जातो. गुण किती पडले, कशावरून कमी पडले, आपल्याला सांगत नाहीत. जे लोक स्वतःची माहिती जपायला कुकी पुसतात, ट्रॅकिंग बंद ठेवतात, त्यांच्याबद्दल मशीनकडे माहितीच कमी आणि मग तेच जास्त संशयित.

कारण न सांगणं, हे मला सगळ्यात जास्त लागतं. चूक होते, मान्य. २००८ च्या ऑगस्टमध्ये ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग सेवेवर कितीतरी चांगले ब्लॉग एकदम स्पॅम म्हणून लॉक झाले होते, लोकांना पोस्ट टाकता येईना, आणि मग कंपनीने उघडपणे सांगितलं की आमच्या कोडमधल्या बगमुळे हे झालं, आमच्या यंत्रणेने ज्यांना स्पॅम म्हटलंच नव्हतं तेही लॉक झाले, तुम्ही स्पॅम नाही आहात, माफ करा. मला हे वागणं पटलं. झालं काय ते सांगितलं, ब्लॉग परत दिले. पण तेव्हा एकाच वेळी खूप लोक ओरडले म्हणून ते दिसलं तरी. एकटा ब्लॉग, एकटी कमेंट, यांच्यासाठी कोण ओरडणार? माझ्या ओळखीतल्या एका सद्गृहस्थांचा ब्लॉग मागे असाच बंद झाला होता, कुठली सेवा ते सोडून द्या, त्यांना आलेल्या मेलमध्ये एवढंच होतं की तुमच्या मजकुराने नियमांचा भंग झाला आहे. कुठला मजकूर, कुठला नियम? फॉर्म भरा. फॉर्म भरला. त्याला आलेलं उत्तरही मशीनचंच. त्या माणसाने स्वतःच्या गुरुजींच्या आठवणी लिहिल्या होत्या हो, दुसरं काही नव्हतं त्या ब्लॉगवर. पुढे ब्लॉग परत मिळाला, पण का बंद झाला आणि का उघडला ते आजतागायत कळलेलं नाही, आणि त्यांनी लिहिणं जे थांबवलं ते थांबवलंच.

म्हणून माझं म्हणणं अगदी सरळ आहे. मशीनला शंका आली तर तिने ती कमेंट बाजूला ठेवावी, खुशाल ठेवावी, पण लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे सांगावं की तुमची कमेंट मिळाली आहे, तपासणीसाठी थांबवली आहे. आणि ब्लॉगवाल्याला कळवावं की अमुक कारणाने थांबवली आहे, लिंका जास्त म्हणून, नवीन पत्ता म्हणून, जे असेल ते. संशय मशीनला आला ना, मग तो निस्तरायची मेहनत ब्लॉगवाल्याने आणि मशीनवाल्याने करावी, आलेल्या पाहुण्याने नाही. कारण सांगितलं तर स्पॅमवाल्यांना पळवाटा सापडतील असं उत्तर येतं, पण त्यांना त्या आधीच सापडलेल्या असतात, त्यांचा तो धंदाच आहे. कारण माहीत नसतं ते फक्त साध्या माणसाला.

तोवर आपल्या हातात आहे ते तरी करूया. वर्ड व्हेरिफिकेशन किंवा कॅप्चा चालू असेल तर कृपा करून बंद करा, कित्येकांना ते आपल्या ब्लॉगवर चालू आहे हेच माहीत नसतं कारण मालकाला स्वतःच्या ब्लॉगवर ते सहसा दिसत नाही. दुसऱ्या ब्राउझरमधून लॉगिन न करता एकदा स्वतःच्या पोस्टवर कमेंट टाकून बघा म्हणजे वाचकाला काय सोसावं लागतं ते कळेल. मॉडरेशन, म्हणजे आपण मंजूर केल्यावरच कमेंट दिसणं, फक्त जुन्या पोस्टना लावा, ब्लॉगरवर १४ दिवसांपेक्षा जुन्या पोस्टसाठी ती सोय आहे, नव्या पोस्टवर गप्पा मोकळ्या चालू राहतात आणि जुन्यावरचा कचरा अडतो. स्वतःची साइट असेल तर फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारी एक रिकामी चौकट ठेवायची जुनी युक्ती आहे, बॉट दिसेल ती चौकट भरत सुटतो आणि तिथेच पकडला जातो, वाचकाला काडीचाही त्रास नाही. हुशार बॉट त्यातून सुटतात, पण भुरटे बरेच अडकतात. आणि स्पॅमचं फोल्डर दर आठवड्याला एकदा तरी नजरेखालून घाला, कारण अकिस्मेटसारख्या फिल्टरमध्ये १५ दिवसांनंतर तिथलं सगळं आपोआप पुसलं जातं, मग परत मिळत नाही. एखादी खरी कमेंट सापडली तर नुसती प्रकाशित करून थांबू नका, त्या माणसाला लिहा की उशीर का झाला.

आणखी एक सेटिंग नक्की बघा. काही फिल्टरमध्ये असा पर्याय असतो की अगदी उघड उघड स्पॅम असेल तर ते फोल्डरमध्येही न ठेवता परस्पर फेकून द्यायचं, म्हणजे आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उघड उघड आहे की नाही हेही तीच मशीन ठरवणार, आणि चुकली तर ती चूक कुणालाच, अगदी कुणालाच दिसणार नाही. माझ्याकडे तो पर्याय मी बंद केलाय. फोल्डर फुगतं, वाचायला वेळ जातो, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर कचराच असतो, पण आलेलं प्रत्येक अक्षर निदान एका माणसाच्या नजरेखालून जातं.